बिब्बा, उरुशी आणि रिको माजिमा

जुन्या धोतराच्या किंवा चादरीच्या कोपऱ्यावर एक बारीकशी काळी खूण असायची. कोणता कपडा कोणत्या घरचा हे ओळखता यावे म्हणून परीट ती बिब्ब्याच्या रसाने करत असे. रसावर चुना लागला की रंग आणखी पक्का व्हायचा. नंतर कपडा कितीही वेळा भट्टीत गेला, दगडावर आपटला गेला, तरी ती खूण जात नसे. कपडा फाटायचा, पण खूण तशीच राहायची.

हाच रस अंगाला लागला तर काय होते, हे घरातल्या आजीला चांगले ठाऊक असे. एक-दोन दिवस काही जाणवत नाही. मग खाज सुटते, कातडी लाल होते, सुजते, पाण्याने भरलेले फोड येतात. ‘बिब्बा उतला’ असे आपण म्हणतो. चांगल्या चाललेल्या कामात कोणी मोडता घातला की ‘बिब्बा घातला’ हा वाक्प्रचारही याच फळावरून आला. आणि त्याच फळाच्या आतली गोडंबी आपण थंडीत लाडवात घालतो!

कापडाला जन्मभर चिकटून राहणे आणि कातडीला पोळणे, हे दोन गुण एकाच रसात का असावेत? या प्रश्नाच्या उत्तराची वाट जपानमधून जाते. बिब्ब्याच्याच कुळातल्या एका जपानी झाडाच्या चिकावर एका रसायनशास्त्रज्ञाने आयुष्याची पंधरा-वीस वर्षे घालवली. त्यांचे नाव रिको माजिमा. जपानमध्ये त्यांना सेंद्रिय रसायनशास्त्राच्या संशोधनाचे आद्य प्रवर्तक मानतात. आपल्याकडे हे नाव फारसे कानावर येत नाही. पण ओल्या जागी चिकटणाऱ्या गोंदांवर आणि गंज रोखणाऱ्या लेपांवर आज जे संशोधन चालले आहे, त्यात त्यांनी उलगडलेली रेणूची रचना पुन्हा पुन्हा भेटते.

माजिमांचा जन्म १८७४ साली क्योटो येथे झाला. मेइजी राजवट येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. शतकानुशतके दारे लावून बसलेला देश घाईघाईने जगाकडे पाहू लागला होता. रेल्वे, तारायंत्र, कारखाने, विद्यापीठे असे सगळे एकाच वेळी उभे राहत होते. परदेशी प्राध्यापक भरपूर पगार देऊन बोलावले जात होते आणि हुशार जपानी तरुण युरोपात पाठवले जात होते. माजिमा टोकियोच्या शाही विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि १८९९ साली पदवीधर झाले. त्यानंतर तिथेच ते अध्यापनाच्या कामाला लागले.

त्यांना ओढ होती ती सेंद्रिय रसायनशास्त्राची, म्हणजे कार्बनच्या संयुगांची. पण या विषयात मार्ग दाखवील असे जवळ फारसे कोणी नव्हते. या शास्त्राचे माहेरघर त्या काळी जर्मनी होते. नवे रंग, नवी औषधे, नव्या पद्धती तिथूनच येत. माजिमा जर्मन नियतकालिके मागवून वाचत आणि छापलेले प्रयोग स्वतः करून पाहत. हळूहळू त्यांच्या लक्षात आले, की जर्मन प्रयोगशाळांत ज्या विषयांवर डझनभर माणसे काम करत आहेत, त्याच विषयांत उतरून त्यांच्याशी शर्यत लावण्यात अर्थ नाही. उपकरणे अपुरी, रसायने बोटीने यायची, माणसे मोजकी. आपण एक पाऊल टाकेपर्यंत ते दहा पावले पुढे गेलेले असणार.

मग त्यांनी वेगळा विचार केला. पद्धत युरोपातली सर्वांत नवी घ्यायची, पण पदार्थ असा निवडायचा जो आपल्या अंगणात आहे आणि त्यांच्याकडे नाही. अशा पदार्थासाठी त्यांना फार दूर जावे लागले नाही. जपानी घरातल्या सुपाच्या वाटीवर, देवळाच्या खांबावर, तलवारीच्या म्यानावर तो हजारो वर्षांपासून होता. तो पदार्थ म्हणजे उरुशी.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे लाख म्हणजे झाडाच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांनी स्रवलेला पदार्थ. बांगड्यांना लागते ती लाख हीच. जपानी उरुशी वेगळी. ती एका झाडाचा चीक आहे. हे झाड बिब्बा, काजू आणि आंबा यांच्याच कुळातले. उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत त्याच्या सालीला आडव्या चिरा पाडतात आणि पाझरणारा चीक थेंबाथेंबाने खरवडून घेतात. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या एका झाडातून हंगामात साधारण २०० ग्रॅम चीक मिळतो. रूढ पद्धतीत त्यानंतर ते झाड तोडून टाकतात आणि बुंध्यातून नवे धुमारे फुटू देतात.

हा चीक लाकडावर पातळ फासला की कडक, तकतकीत थर होतो. पाणी, मीठ, दारू, सौम्य आम्ले यांना तो दाद देत नाही. जमिनीखाली गाडलेल्या वस्तूंचे लाकूड कुजून गेले, पण उरुशीचा थर शिल्लक राहिला, असे पुरातत्त्वज्ञांना आढळले आहे. उरुशी नुसता लेप नाही, गोंदही आहे. फुटलेले चिनी मातीचे भांडे उरुशीने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड लावण्याची जपानी कला आता जगभर माहीत झाली आहे.

कारागिरांना हा चीक कसा हाताळायचा हे पक्के ठाऊक होते. पण त्याच्या एका वागण्याने रसायनशास्त्रज्ञ चक्रावून जात. तेलाचा रंग किंवा वार्निश कोरड्या हवेत, उन्हात लवकर वाळते. उरुशीचे उलटे! ती वाळवायची तर दमट कपाटात ठेवावी लागते. हवेत ७०-८० टक्के आर्द्रता आणि बेताची ऊब असली की ती घट्ट होते, आणि कोरड्या हवेत मात्र दिवसेंदिवस चिकट राहते. ओलाव्यात वाळणारा हा पदार्थ आहे तरी काय?

माजिमांच्या आधी या कोड्याला हात घातला गेला होता. १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने दाखवले, की चिकात एक तेलकट द्रव्य आहे आणि ते घट्ट करणारा, पिष्ठावर काम करणाऱ्या विकरासारखा दुसरा एक घटकही आहे. चीक उकळला की हा दुसरा घटक निकामी होतो आणि मग उरुशी घट्ट होतच नाही. पुढे १८९४ च्या सुमारास गाब्रिएल बर्त्रां या फ्रेंच शास्त्रज्ञाने व्हिएतनामकडच्या तशाच चिकावर काम करून या विकराला ‘लॅकेज’ असे नाव दिले. हे विकर पाण्याच्या सान्निध्यातच काम करते आणि हवेतला ऑक्सिजन वापरते. दमट कपाटाचे गुपित इथपर्यंत उलगडले होते. पण विकर ज्याच्यावर काम करते ते तेलकट द्रव्य नेमके कोणते, त्याच्या रेणूची घडण कशी, हे कोणालाच सांगता येत नव्हते. चिकाचा ६०-६५ टक्के भाग म्हणजे हेच द्रव्य. त्याला ‘उरुशिओल’ म्हणतात.

अडचण मोठी होती. एखाद्या द्रवाची रचना शोधायची तर आधी तो शुद्ध हवा, आणि शुद्ध करण्याची नेहमीची वाट म्हणजे ऊर्ध्वपातन. द्रव तापवायचा, वाफ करायची, वाफ थंड करून पुन्हा गोळा करायची. उरुशिओल तापवले की वाफ होण्याआधीच भांड्यात घट्ट होऊन बसायचे. उघडे ठेवले की हवेने काळे पडायचे. त्यातच हा चीक हाताळणाऱ्याची कातडी पोळते ती वेगळीच. उरुशीच्या कामात नव्याने येणाऱ्या कारागिराच्या अंगावर पुरळ उठणे हे जपानमध्ये ठरलेलेच मानले जाई.

माजिमांनी भांड्यातली हवा शक्य तितकी काढून टाकली. दाब खूप कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो, आणि ऑक्सिजन नसल्यामुळे खराबही होत नाही. अशा पोकळीत उरुशिओलचे ऊर्ध्वपातन त्यांना साधले. १९०७ साली त्यांचा या विषयावरचा पहिला निबंध जर्मन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ज्यांचे निबंध वाचून ते शिकले होते, त्यांच्याच पंक्तीत आता त्यांचे नाव आले.

त्याच वर्षी ते युरोपला गेले. जर्मनीत कील येथे कार्ल हॅरीस यांची प्रयोगशाळा होती. ओझोन वायूने कार्बनच्या साखळीतला दुहेरी बंध नेमका तोडायचा आणि तुकडे पाहून बंध कुठे होता ते ठरवायचे, ही हॅरीस यांची खासियत. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे रिचर्ड विलश्टेटर होते. पुढे १९१५ साली नोबेल मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ. प्लॅटिनमच्या साह्याने दुहेरी बंधांत हायड्रोजन भरण्याचे तंत्र त्यांच्याकडे होते. या दोन ठिकाणची निवड पाहिली की कळते, माजिमा डोळ्यांसमोर उरुशिओल ठेवूनच निघाले होते. ओझोन कात्रीचे काम करणार होता आणि हायड्रोजन इस्त्रीचे.

१९११ साली ते मायदेशी परतले ते सेंदाई शहरातल्या तोहोकू शाही विद्यापीठात प्राध्यापक म्हणून. तिथला विज्ञान विभाग त्याच वर्षी सुरू होत होता. इथेच उरुशिओलचा उलगडा पुरा झाला.

पहिला पेच असा होता की उरुशिओल म्हणजे एकच पदार्थ नव्हता. फार सारख्या दिसणाऱ्या रेणूंचे ते मिश्रण होते आणि ते वेगळे करता येत नव्हते. माजिमांनी सगळ्यात हायड्रोजन भरला. दुहेरी बंध नाहीसे झाले आणि मिश्रणाचा एकच, स्फटिकरूप, हाताळायला सोपा पदार्थ झाला. याचा अर्थ उघड होता. या सर्व रेणूंचा सांगाडा एक आहे, फरक आहे तो फक्त दुहेरी बंधांच्या संख्येत. मग त्यांनी हा सांगाडा कसा असावा याचा तर्क केला, साध्या, माहितीच्या रसायनांपासून पायरीपायरीने तसाच रेणू प्रयोगशाळेत बांधला आणि तो झाडापासून मिळालेल्या पदार्थाच्या शेजारी ठेवून पाहिला. दोन्ही जुळले. शेवटी ओझोनने मूळ रेणू तोडून दुहेरी बंधांच्या जागांचा शोध घेतला. १९२२ पर्यंत ही निबंधमाला चालू होती. तिच्यासाठी १९१७ साली त्यांना जपानच्या शाही विद्वत् परिषदेचे पारितोषिक मिळाले.

माजिमांना जे सापडले ते असे. उरुशिओलच्या रेणूला एक डोके आणि एक शेपटी आहे. डोके म्हणजे सहा कार्बनचे कडे, आणि त्या कड्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या. अशा डोक्याला कॅटेकॉल म्हणतात. शेपटी म्हणजे १५ कार्बनची तेलकट साखळी. काही रेणूंच्या शेपटीत एकही दुहेरी बंध नसतो, तर काहींत एक, दोन किंवा तीन असतात.

कॅटेकॉल हे नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. १८३९ साली ह्यूगो राइन्श या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कातापासून निघणारे एक द्रव्य तापवून त्याचे ऊर्ध्वपातन केले, तेव्हा कॅटेकॉल पहिल्यांदा मिळाले. युरोपीय भाषांत काताला कॅटेचू म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. कोकणातल्या खैरापासून निघणारा, विड्यात रंगणारा कात तो हाच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोन गटांत सगळी मेख आहे. ऑक्सिजन मिळाला की कॅटेकॉलचे क्विनोन होते. क्विनोन हा फार उतावळा रेणू. समोर येईल त्याच्याशी तो बंध जोडतो. झाडाच्या चिकात लॅकेज हेच करते. हवेतल्या ऑक्सिजनच्या साह्याने ते उरुशिओलला या उतावळ्या रूपात आणते, मग रेणू एकमेकांना डोक्याने बांधले जातात, पुढे शेपट्यांतले दुहेरी बंधही एकमेकांत गुंततात आणि सगळ्या थराचे एकच अखंड जाळे तयार होते. लहान रेणू जोडून झालेल्या अशा महाकाय रेणूला पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतात. हे जाळे एकदा झाले की वितळत नाही आणि विरघळतही नाही. म्हणून उरुशीची वाटी शतकानुशतके टिकते.

त्वचेवर होते तेही याच जातीचे. तेलकट शेपटीमुळे उरुशिओल कातडीच्या वरच्या थरात सहज शिरते. तिथे त्याचे क्विनोन होते आणि ते लाकडाऐवजी आपल्या त्वचेतल्या प्रथिनांना घट्ट चिकटते. शरीराची संरक्षणव्यवस्था अशा बदललेल्या प्रथिनाला परके समजते. पहिल्या भेटीत ती फक्त ओळख करून घेते. पुन्हा तोच रस लागला की विशिष्ट पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि स्वतःच्याच त्वचेवर हल्ला चढवतात. पेशी जमायला वेळ लागतो, म्हणून पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनी उठते. त्याला वैद्यकात विलंबित प्रकारची अॅलर्जी म्हणतात. थोडक्यात, बिब्बा कापडाला ज्या स्वभावामुळे धरतो, त्याच स्वभावामुळे आपल्यालाही धरतो.

अॅलर्जीची ही साखळी माजिमांनी शोधली नव्हती. ते काम पुढच्या पिढ्यांतल्या त्वचारोगतज्ज्ञांचे. पण त्यांच्या हाती माजिमांनी ठरवलेली रचना होती. अमेरिकेत पॉयझन आयव्ही या वेलीमुळे दर वर्षी असंख्य लोकांना पुरळ येते. १९३० च्या दशकात तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या वेलीचा दाहक घटक तपासला, तेव्हा तो जपानी उरुशीचाच भाऊ निघाला. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर एक विचित्र पुरळ उठू लागले. शोध घेतल्यावर कारण सापडले ते कपड्यांवरची परिटाची खूण. बिब्ब्याच्या रसातही तेच कॅटेकॉलचे डोके आणि तशीच १५ कार्बनची शेपटी असते.

सेंदाईत माजिमांनी माणसेही घडवली. १९१३ साली तोहोकू विद्यापीठाने तीन स्त्रियांना प्रवेश दिला. जपानच्या कोणत्याही शाही विद्यापीठात तोवर असे झाले नव्हते, आणि शिक्षण मंत्रालयाने त्याबद्दल विद्यापीठाकडे विचारणाही केली होती. त्या तिघींपैकी चिका कुरोदा माजिमांच्या प्रयोगशाळेत आल्या. त्यांना हवा होता तो विषयही त्यांच्याच मातीतला निघाला. जपानमध्ये जांभळ्या रंगासाठी एका वनस्पतीची मुळे पूर्वापार वापरत. त्या रंगद्रव्याची रचना कुरोदांनी शोधली आणि १९१८ साली टोकियोच्या रसायन सभेपुढे ती मांडली. त्या व्यासपीठावरून संशोधन सादर करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे त्यांनी करडईच्या फुलातल्या लाल रंगावर काम करून डॉक्टरेट मिळवली. माजिमांचे आणखी एक विद्यार्थी तेत्सुओ नोझोए तैवानला गेले आणि तिथल्या झाडाच्या तेलातून त्यांनी सात कार्बनच्या कड्याचे एक अनपेक्षित संयुग शोधले. अंगणातला पदार्थ आणि जगातली नवी पद्धत, हा गुरूंचा रिवाज शिष्यांनी असा चालवला.

माजिमांनी आणखी एक न दिसणारे काम केले. तरुणपणी परदेशी नियतकालिकांसाठी त्यांना किती खटपट करावी लागली, ते ते विसरले नव्हते. शिवाय जपानी भाषेत छापलेले संशोधन विखुरलेले होते. कोणी काय केले आहे हे नव्या संशोधकाला कळायची सोय नव्हती. १९२७ पासून त्यांच्या पुढाकाराने जपानी रसायन संशोधनाच्या सारांशांची मालिका निघू लागली. मागचे अर्धशतकही तिच्यात घेतले गेले. पुरस्कार मिळवून देणारे हे काम नव्हते, पण पुढच्या अनेक पिढ्यांचा वेळ त्याने वाचला.

पुढे ओसाका येथे नवे शाही विद्यापीठ निघाले, तेव्हा तिथला रसायनशास्त्राचा पाया त्यांनी घातला. १९४३ ते १९४६ या काळात ते त्या विद्यापीठाचे अध्यक्ष होते. ही वर्षे युद्धाची, बॉम्बहल्ल्यांची आणि पराभवाची. १९४९ साली त्यांना ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा जपानचा मोठा सन्मान मिळाला. १९६२ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी ते वारले.

त्यांच्या हयातीतच उरुशीला एक नवा भागीदार मिळाला होता. काजूच्या टरफलात एक काळपट, दाहक तेल असते. आपल्या कोकणात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात, ते या तेलापासून बोटे वाचवण्यासाठी. त्या तेलातल्या मुख्य घटकांनाही १५ कार्बनची शेपटी असते आणि डोकेही उरुशिओलच्या जवळचे असते. फरक इतकाच, की शेजारी शेजारी बसलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांऐवजी कुठे एकच गट असतो, तर कुठे दोन गट अंतरावर बसलेले असतात. उरुशी महाग आणि थोडी, म्हणून युद्धानंतर जपानमध्ये काजूच्या तेलापासून उरुशीसारखा दिसणारा लेप तयार होऊ लागला. आज हेच तेल गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात आणि जहाजांच्या व पुलांच्या गंजरोधक रंगांत वापरले जाते. टरफल फेकून देण्याजोगे राहिलेले नाही.

कॅटेकॉलची दुसरी वाट समुद्रातून आली. रत्नागिरी, मालवण, गोवा इथल्या खडकांवर शिनाणे चिकटलेले असतात. लाटांचा मारा कितीही होवो, ते सुटत नाहीत. आपले नेहमीचे गोंद ओल्या दगडावर क्षणभरही टिकत नाहीत, कारण पाण्याचा पातळ थर मध्ये येतो. १९८१ साली हर्बर्ट वेट या अमेरिकी शास्त्रज्ञाने शिनाण्याच्याच एका भाईबंदाच्या चिकट प्रथिनात डोपा नावाचा घटक भरपूर असल्याचे दाखवले. डोपाचे डोके म्हणजे पुन्हा कॅटेकॉल! त्यातले शेजारचे दोन गट पाणी बाजूला सारून दगडाला पकड घालतात, समुद्रातल्या लोहाच्या अणूला चिमट्यासारखे धरतात आणि वेळ आली की क्विनोन होऊन एकमेकांत गुंततात. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आणखी सोपी युक्ती दाखवली. कॅटेकॉलचेच डोके असलेले डोपामिन किंचित अल्कधर्मी पाण्यात विरघळवायचे आणि वस्तू त्यात बुडवून ठेवायची. काच असो, धातू असो वा कशालाच न चिकटणारे टेफ्लॉन, वस्तूवर अतिशय पातळ, गडद थर चढतो. पुढे त्या थरावर दुसरे हवे ते बसवता येते.

तेव्हापासून जगभरचे रसायनशास्त्रज्ञ कॅटेकॉल बांधलेले पॉलिमर घडवत आहेत. ओल्या ऊतींना सांधणारे शस्त्रक्रियेचे गोंद, शरीरात बसवायच्या उपकरणांवरचे लेप, धातूचा गंज रोखणारे थर, असे अनेक हेतू त्यामागे आहेत. या कामातला अवघड भाग उरुशीच्या कारागिराला लगेच कळेल. कॅटेकॉल मूळ रूपात असते तोवर पृष्ठभागाला चांगले धरते. त्याचे क्विनोन झाले की ते पृष्ठभाग सोडून आपापसांत बांधले जाते. फार लवकर क्विनोन झाले तर गोंद आतून घट्ट होतो, पण सुटून येतो. झालेच नाही तर चिकटतो, पण आतून मऊ राहतो. म्हणून साखळीवर कॅटेकॉलची डोकी किती ठेवायची, ती हवेपासून कशी झाकायची आणि नेमकी केव्हा उघडायची, हे ठरवावे लागते. कारागीर हेच काम दमट कपाटाच्या दारावर हात ठेवून करतो. लॅकेज आणि ओलावा यांच्या हाती त्याने वेळ सोपवलेली असते.

आणि बिब्ब्याचा इशाराही विसरून चालत नाही. जो रेणू ऊतीला इतक्या आवडीने चिकटतो, तो संरक्षणव्यवस्थेलाही डिवचू शकतो. कॅटेकॉल मोठ्या साखळीला पक्के बांधले आणि सुटे रेणू मागे राहू दिले नाहीत, तर ते उरुशिओलसारखे त्वचेत शिरत नाही. तरीही शरीरात वापरायच्या प्रत्येक नव्या गोंदाची या दृष्टीने कसून तपासणी करावी लागते.

घरापुरते लक्षात ठेवण्यासारखे थोडेसे. बिब्ब्याचा किंवा काजूच्या टरफलाचा रस अंगाला लागला तर वाट न पाहता लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. कातडीशी बंध जुळण्याआधी जितके निघून जाईल तितके बरे. कपड्याला, नखांखाली, विळीवर किंवा अडकित्त्यावर राहिलेला रसही नंतर त्रास देतो, म्हणून तेही धुवावे. दुखऱ्या सांध्यावर किंवा टाचेवर कच्चा बिब्बा टेकवण्याचा घरगुती उपाय स्वतःच्या मनाने करू नये. आधी एकदा काही झाले नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असे नाही, उलट दुसऱ्या वेळीच होण्याची शक्यता अधिक. चेहऱ्यावर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, फोड पसरले, तर डॉक्टरांकडे जावे. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून ज्यांना पुरळ येते, त्यांनीही बिब्बा आणि काजूच्या टरफलापासून जपून राहावे. ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत.

माजिमांनी उरुशीवर काम सुरू केले तेव्हा त्यांच्याकडे युरोपातली उपकरणे नव्हती. स्वयंपाकघरातल्या वाटीवर होता तोच पदार्थ त्यांनी घेतला. आपल्याकडे बिब्बा आहे, काजूचे टरफल आहे, खैराचा कात आहे, खडकावरचे शिनाणेही आहेत. या चारही गोष्टींवर आपल्या प्रयोगशाळांत अजून पुष्कळ काम करता येण्यासारखे आहे.